दुसऱ्यांच्या नावचं रक्त

रविवार, १ मार्च

इथे येऊन महिना झाला. ही वही आज सापडली, तीही बाबांच्या स्वेटरच्या घडीत. म्हणजे आवराआवर मीच केली होती हे उघड आहे.

नोकरी बरी आहे. डोंगर पोखरून बोगदा चाललाय, त्याच्या तोंडाशी मजुरांची वसाहत, वसाहतीच्या कडेला छोटा दवाखाना आणि दवाखान्यामागे एका लोखंडी कंटेनरमध्ये माझी लॅब. फ्रिज, मायक्रोस्कोप, नळ्या फिरवायचं यंत्र आणि एक खिडकी. बाबांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ते माझ्याबरोबर क्वार्टरमध्ये. दिवसभर बुद्धिबळाचा पट मांडून स्वतःशीच खेळतात आणि हरले की चिडतात.

माझं मुख्य काम गेटपासचं. बोगद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला दर चार महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करावी लागते. रक्तात सापडलं तर पास मिळत नाही. "तब्येतीच्या कारणास्तव" असा शेरा मारून घरी पाठवतात, असं ऐकलं. ऐकलंच फक्त, कारण इथे दोन वर्षांत एकही सापडलेला नाही. मी आल्यापासून या कामात एक भर पडली आहे. त्याच नळीतून रक्तगटही काढायचा आणि कार्डावर छापायचा.

डॉक्टर थकलेले पण सरळ गृहस्थ आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, माणसं वर्षानुवर्षं घरापासून लांब, खालच्या वस्तीत बायकांकडे जाणारे आहेत, अंगदुखीवर एकमेकांच्या सुया टोचून घेणारे आहेत. अशा ठिकाणी थोडे तरी सापडायला हवेत. मग विचारलं, "आपली माणसं इतकी सरळ आहेत, की आपली तपासणी वाकडी आहे?"

मला जरा लागलंच ते. किट चांगलं आहे. मी स्वतः तपासून घेतलंय.

शनिवार, १४ मार्च

बाबांना अखेर जोडीदार मिळाला. पंपावर काम करतो. बोगद्यात झिरपणारं पाणी उपसणारे पंप, त्यावर नजर ठेवत दिवसभर गुडघाभर पाण्यात उभा. उंच, काटकुळा, लांब मान, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणतात. तोही स्वतःला तेच म्हणवतो. एका संध्याकाळी आमचा नळ बघायला आला आणि पट पाहून तिथेच बसला. आता एक दिवसाआड येतो.

चहा देताना त्याच्या दोन्ही कोपरांच्या खोबणीत निळे डाग दिसले. विचारलं तर म्हणाला, पंपाच्या दांड्याचा मार. मी मलम दिलं. बाबा आज सलग तिसरा डाव जिंकले आणि जेवताना नुसते विचारात होते. म्हणाले, "त्याला माझ्यापेक्षा चांगलं खेळता येतं. तरी हरतो. मग येतो कशाला?"

एकटा जीव आहे, कुठेतरी वेळ घालवायचा. बाबांना सगळ्यात काहीतरी खोच दिसते.

मंगळवार, १७ मार्च

आजही एक एबी निगेटिव्ह निघाला. हा गट इतका दुर्मीळ, की आधीच्या नोकरीत वर्षाकाठी एखादा दिसायचा, आणि इथे महिन्याभरात इतके. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, एका गावचे, नात्यातले असतील. मुकादम माणसं आणतो ती गावच्या गाव उचलूनच. पटण्यासारखं आहे. अडीअडचणीला रक्त लागलं तर घरचेच दाते मिळाले, म्हणून मी उलट खूश आहे.

कंपाउंडरमामांना मात्र यात काही गंमत वाटली नाही. गेटवर सकाळच्या पाळीबदलाला रक्त काढतात ते मामा. मी एकदा बघायला गेले होते. रात्रपाळीचे लोक बाहेर येतात ते डोक्यापासून बुटापर्यंत राखाडी, वर हेल्मेट, तोंडाला पट्टी. सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे. मी मामांना विचारलं, कोण कुठला कसं ओळखता? म्हणाले, "मी हात बघतो पोरी, तोंडं नाही." चिठ्ठीवर नाव असतं, ते नळीला चिकटवायचं, झालं.

मामांचा हात फार हलका आहे असं सगळेच म्हणतात.

बुधवार, २५ मार्च

बगळा आठवडाभर फिरकला नाही. आज आला तो शाल गुंडाळून. ताप, घसा, मानेत गाठी, छातीवर बारीक पुरळ. मी म्हटलं, सारखं पाण्यात उभं राहून दुसरं काय होणार. डॉक्टरांकडे जा म्हटलं तर हसला. दोन दिवसांत उतरेल म्हणाला. बाबांनी त्याला डाव न खेळताच परत पाठवलं आणि स्वतःचा मफलर दिला.

गुरुवार, २ एप्रिल

झालं ते लगेच लिहून ठेवते.

दुपारी बोगद्यातल्या एका ड्रिलवाल्याच्या मांडीवर खडक पडला. मांडी फाटली, रक्त थांबेना. शहराच्या रस्त्यावर ट्रेलर आडवा झालेला, ॲम्ब्युलन्स कधी निघेल सांगता येत नव्हतं. कार्डावर गट एबी निगेटिव्ह. फ्रिजमध्ये ओ निगेटिव्हच्या दोनच पिशव्या. डॉक्टरांनी त्या लावायला घेतल्या आणि म्हणाले, तुझे ते एबी निगेटिव्हवाले बोलाव.

मी फोन केले. एकाचा लागला नाही. एक म्हणाला, ताप आहे. एक आला, दारात उभा राहिला, सकाळपासून काही खाल्लेलं नाही असं जमिनीकडे बघत म्हणाला आणि मी वळून बघते तो गेलेला. माणसं इतकी भित्री असतील असं वाटलं नव्हतं. ड्रिलवाला त्यांच्याच पाळीतला माणूस, शेजारच्या खाटेवर झोपणारा.

आणि न बोलावता कोण आलं, तर बगळा. ओले बूट तसेच. बाही सरसावून म्हणाला, "माझं घ्या. माझं तेच आहे." त्याच्या कार्डावर गट अजून चढलेलाच नाही. विचारलं, तर कधीतरी पूर्वी कळला होता म्हणाला.

तोवर ड्रिलवाल्याच्या दंडातून मी सवयीने ताजा नमुना घेतला होता. देण्याआधी जुळवून बघायचं, ही शिस्त. बघते तर गट बी पॉझिटिव्ह. पुन्हा केलं. पुन्हा बी पॉझिटिव्ह. त्या गटाचे दाते पाळीत पाच मिनिटांत मिळाले. संध्याकाळी रस्ता मोकळा झाला, त्याला शहरात नेलं. जगेल असं डॉक्टर म्हणतात.

बगळ्याचं रक्त घ्यावं लागलं नाही. पण मी त्याचे आभार मानले. म्हटलं, बोलावलेले पळाले आणि तुम्ही आलात. तो नळाखाली हात धूत उभा राहिला.

शुक्रवार, ३ एप्रिल

कार्डावरचा गट मी लिहिला होता. माझी सही आहे.

डॉक्टर रागावले नाहीत, ते जास्त जड गेलं. एवढंच म्हणाले की चूक कोणाचीही होते, पण या जातीच्या चुकीने माणूस जातो. मी सगळं आठवून पाहिलं. नळ्या रांगेत ठेवते, एक संपल्याशिवाय दुसरीला हात लावत नाही. कुठे चुकले ते सापडत नाही, आणि न सापडलेली चूक पुन्हा होणार. राजीनामा लिहावा का, असं बाबांना विचारलं. म्हणाले, आधी चूक शोध, मग लिही. नाहीतर दुसऱ्या नोकरीत तीच बरोबर नेशील.

मामा दुपारी उगीचच येऊन गेले. फार मनाला लावून घेऊ नकोस म्हणाले. "तुझं चुकलेलं नाही." इतकं ठामपणे म्हणाले की मला भरून आलं. किती चांगला माणूस.

सोमवार, २० एप्रिल

दुसरी रेघ आली.

पट्टीवर एक रेघ उमटली की पट्टी नीट चालते आहे एवढाच अर्थ. दुसरी उमटली, म्हणजे रक्तात सापडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी पट्टी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होते. फिकट होती, पण होती.

बुधवार, २२ एप्रिल

आज आणखी दोन. म्हणजे तीन झाले.

किटच बिघडलं असणार असं मी धरून चालले. मागच्या आठवड्यात वीज गेली होती, फ्रिज तापला असेल. दुसऱ्या कंपनीचं किट काढलं. तिन्ही तशीच. तिसरं किट. तिन्ही तशीच. बाकीच्या नळ्या मात्र सगळ्या कोऱ्या. किट बिघडतं तेव्हा माणसं निवडून बिघडत नाही.

तिघांचाही गट एबी निगेटिव्ह. एका घरातले असतील तर असंही असेल? हा आजार असा घरात फिरत नाही, हे मला शिकवायला नको. तरी मी तासभर तेच घोळवत बसले होते. चूक केलेल्या माणसाला आपल्या डोळ्यांचाही भरवसा राहत नाही.

नियमाप्रमाणे प्रकल्पाच्या साहेबांना आठवड्याअखेर नावं द्यायची. डॉक्टर म्हणाले, आधी ताजा नमुना, आणि या वेळी तू स्वतः घे.

शुक्रवार, २४ एप्रिल

तिघांतले दोघे आले. हात धुऊन, तोंड धुऊन, माझ्यासमोर बसले. पहिल्याचं रक्त ओ पॉझिटिव्ह. दुसऱ्याचं ए पॉझिटिव्ह. दोघांच्या पट्टीवर एकच रेघ.

मी काही बोलायच्या आत पहिला रडायला लागला. मोठा बाप्या माणूस. मी पाणी दिलं. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. दोघांपैकी कोणीच कधी स्वतःचं रक्त दिलेलं नव्हतं. त्यांच्या नावाच्या चिठ्ठीवर दुसराच कोणीतरी हात पुढे करायचा. कोण, ते सांगणार नाही म्हणाले. मी आग्रह केला नाही.

मामांना विचारलं. ते खुर्चीत नीट बसले, चष्मा काढला. "शीर ओळखीची होती," म्हणाले. "महिन्यातून पाच-सहा वेळा भेटायची. पास गेला की त्यांचं घर बसतं, पोरी. मी नाही विचारलं."

मी त्यांना खूप बोलणार होते. बोलले नाही. माझी चूक नव्हती हे त्यांना माहीत होतं आणि तीन आठवडे मला जळू दिलं. पण त्यांच्या जागी मी काय केलं असतं, तेही मला सांगता येत नाही.

मग परत लॅबमध्ये येऊन बसले. एवढी वर्षं शून्य का होतं ते कळलं. आम्ही भीती असलेल्यांचं रक्त तपासतच नव्हतो. एकाच निरोगी माणसाचं पुन्हा पुन्हा तपासत होतो. आणि आता तो निरोगी राहिलेला नाही.

तो कोण, हे मला खरं तर त्या ओल्या बुटांच्या दिवशीच कळायला हवं होतं. कार्डावर गट नसताना ज्याला आपला गट माहीत होता.

शनिवार, २५ एप्रिल

बाबांना फिरायला पाठवलं आणि बगळ्याला लॅबमध्येच बोलावलं. खुर्ची त्याला लहान पडते, गुडघे वर येतात.

मी विचारलं, "तुमचा गट तुम्हाला कसा कळला?"

"कार्डावर वाचला."

"कोणाच्या?"

"ज्याच्या त्याच्या." मग म्हणाला, "रागावलात का?"

मी नाही म्हटलं. मग त्याने सांगितलं. सुरुवात सुईला घाबरणाऱ्या एकापासून झाली. मग दुसरा, ज्याला वस्तीतल्या काही रात्रींची धास्ती होती. मग तिसरा. त्याची स्वतःची तपासणी दोनदा स्वच्छ आली होती, म्हणून सगळे त्याच्याकडे यायचे. कोणाकडून त्याने काही घेतलं नाही. "चमचाभर रक्त," म्हणाला. "त्याने एखाद्याचं काम टिकत असेल तर माझं काय जातं."

मग मी सांगितलं, की सोमवारची आणि बुधवारच्या दोन्ही नळ्या, तिन्हींत दुसरी रेघ आली आहे.

त्याचा चेहरा एकदम उतरला. "तिघांनाही झालं?" म्हणाला. "तिघांनाही?"

हे मी धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं, ऐकल्या क्षणी त्याला कळेल. मला ते शब्द पुन्हा जुळवावे लागले. "त्या नळ्यांत त्यांचं काहीच नव्हतं," मी म्हटलं. "ते दोघं काल येऊन गेले. त्यांना काही नाही. तिसराही येईल."

त्याने मग बाही वर करून स्वतःच्या कोपराकडे बघितलं, जणू तिथे काही लिहिलेलं असावं.

"म्हणजे एकच माणूस," म्हणाला.

मी सगळं सांगितलं जे सांगायचं असतं. आधी ताजा नमुना, मग शहरातल्या मोठ्या लॅबचा पक्का निकाल. रोजची एक गोळी, चुकवायची नाही. नीट घेतली तर माणूस म्हातारा होतो, कामाला जातो, चारचौघांसारखा जगतो. हे मी अनेकांना सांगितलं आहे.  कोणाकडून आलं ते विचारू नका म्हणाला. मी विचारणार नव्हते.

उठताना दाराशी थांबला. "त्या दिवशी ड्रिलवाल्याला मी द्यायला आलो होतो."

"घेतलं नाही ना आपण," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. मार्चमधला तो ताप कसला होता ते आता मला कळतं. लागण झाल्यावर काही आठवडे रक्तात असूनही पट्टीवर दिसत नाही, हेही त्याला आज सांगितलं नाही. कार्डावर विश्वास ठेवला असता तर ती पिशवी आम्ही तपासून, स्वच्छ म्हणून, चढवली असती.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. मी चहा केला. त्याचा कप विसळायला घेताना माझा हात क्षणभर थांबला. ज्या विषाणूवर माझं पोट चालतं, जो कपातून जात नाही हे मी शंभर जणांना समजावलं आहे, त्यासाठी थांबला. मग मी त्याच कपात स्वतःचा चहा ओतून प्यायले. उपयोग काही नव्हता, पण प्यायले.

सोमवार, २७ एप्रिल

डॉक्टर आणि मी साहेबांकडे गेलो. साहेबांना पहिल्यांदा नावं हवी होती. फसवणूक केली म्हणाले, एकेकाला बाहेर काढतो.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं की ड्रिलवाला चुकीच्या रक्ताने गेला असता तर चौकशीत कार्डावर कोणाचा शिक्का दिसला असता. साहेबांनी कार्ड उलटून पाहिलं. शिक्का त्यांच्या ऑफिसचा. मग पाणी मागवलं.

"नावं काढलीत तर अजून दहा वर्षं शून्यच येईल," डॉक्टर म्हणाले. "आणि बोगद्यात कोणाच्या अंगात काय आहे ते तुम्हाला कधीच कळणार नाही."

साहेब विचार करत होते ते माणसांचा नव्हे, हे दिसत होतं. पण ठरलं ते असं: रक्तगट सगळ्यांचे नव्याने, माझ्यासमोर. एचआयव्हीची तपासणी गेटपासातून काढली. ज्याला हवी त्याने लॅबमध्ये यावं, नाव नाही, नंबर. निकाल फक्त त्याला आणि डॉक्टरांना. ज्याला आहे त्याचं काम जाणार नाही, हे लेखी. साहेबांची एकच अट, या सगळ्याला "कार्ड-दुरुस्ती मोहीम" म्हणायचं. आम्ही हो म्हटलं.

सोमवार, ४ मे

शहराहून पक्का निकाल आला. जो यायचा तोच. बगळ्याने गोळ्या सुरू केल्या. पहिल्या दोन दिवसांत चक्कर येते म्हणाला, पाण्यात उभं असताना भिंत धरतो.

बाबांना त्याने स्वतःच सांगितलं, मी स्वयंपाकघरात असताना.  मग बाबांचा आवाज आला, "तुझी चाल आहे."

नंतर मला म्हणाले, तो तुझ्याकडे बघून बोलत होता, मला सांगत होता तरी. मी म्हटलं, घाबरला असेल, दुसरं काय. बाबा पट आवरायला लागले.

तपासणीला अजून एकही आलेला नाही. नुसती खुर्ची पुसते आहे.

बुधवार, २० मे

एक आला. दार लोटून घेतलं, पडदा ओढला, मग खिडकीही. नंबर घेतला. मग दुपारी तिसरा, ज्याच्या नावाची नळी मी एप्रिलमध्ये तीनदा तपासली होती. स्वतःचं रक्त बघून त्याला घेरीच आली. दोघांचीही रेघ एकच.

सोमवारपर्यंत आणखी येतील असं मामा म्हणतात. ते आता माझ्याच शेजारी बसून रक्त काढतात आणि आलेल्याच्या तोंडाकडे नीट बघतात.

शनिवार, ६ जून

आज बाहेरचा बाक पहिल्यांदा भरला. या आठवड्यात दोघांना सापडलं. दोन्ही वेळा मला झोप लागली नाही, पण डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं ते होतेच, आता फक्त आपल्याला दिसले.

दहाच्या सुमाराला ड्रिलवाला आला. शहरातून परवाच सुटून आलाय, कुबडीवर आहे. त्याला सोबत म्हणून बगळा आला होता, तो बाहेरच बाकावर बसला. ड्रिलवाला आत येऊन म्हणाला, की इथे आल्यापासून एकदाही त्याने स्वतःचा हात पुढे केलेला नाही. चार वर्षांपूर्वी, इथे यायच्या आधीच्या कामावर, एक सुई पाच जणांत फिरायची. तेव्हापासून त्याला खात्री आहे. घरी बायकोजवळ जाणंही त्याने सोडलंय, आणि कारण तिला कधी सांगितलेलं नाही.

मी रक्त घेतलं. पट्टी दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवली. तो तिच्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

एकच रेघ. दुसऱ्या किटवर केलं. एकच. शहरातल्या दवाखान्यातही ऑपरेशनआधी तपासलं होतं, तो कागद त्याने न उघडता खिशात ठेवला होता. मी उघडला. तिथेही तेच. इतक्या वर्षांनंतर आता शंकेला जागा नाही, हे त्याला नीट समजावून सांगितलं.

"चार वर्षं," तो म्हणाला.  कुबडी घेऊन उठला, दाराशी गेला आणि थांबला. दार थोडं उघडं होतं. बाहेर बगळा मान लांब करून आतल्याच दिशेने बघत होता.

"त्याला काय सांगू?" ड्रिलवाल्याने मला विचारलं.

 तो बाहेर गेला आणि बगळ्याच्या शेजारी बसला. मी खिडकीतून बघत होते. बघायला नको होतं, पण बघत होते.

"काय निघालं?" बगळ्याने विचारलं.

ड्रिलवाला मान खाली घालून बसला होता. "काही नाही," म्हणाला. "मला काहीच नव्हतं. कधीच नव्हतं."

बगळ्याने मोठा श्वास सोडला. मग हसला. चेहरा असा खुलला, जसा बाबांना डाव जिंकू दिल्यावर खुलतो. त्याने ड्रिलवाल्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मग रडतोस कशाला," म्हणाला. "ऊठ. घरी फोन लाव."

मी खिडकीपासून बाजूला झाले, हात धुतले आणि पुढचा नंबर पुकारला.